पिठवणीजवळचे दगड

वाळलेली रोपं चिकटवलेल्या त्या तक्त्याकडे पाहिलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शाळेच्या ऑफिसात, काचेमागे, पहिल्या क्रमांकाच्या प्रमाणपत्राशेजारी तो टांगलाय. रोज हजेरीपटावर सही करताना नजर तिकडे जातेच.

जिवतीच्या डोंगरातली आमची शाळा. वरून पत्र आलं: परिसरातील औषधी वनस्पतींचा संग्रह करा, नमुने मुळासकट हवेत, उत्तम शाळेला बक्षीस. मुळासकट! पंख्याखाली बसून लिहायला यांचं काय जातं? पण मी तरी कुठला शहाणा. तोच शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि वर दम दिला, रिकाम्या हाताने कुणी यायचं नाही.

शाळेमागच्या खडकाळ टेकडीवर पिठवण होती. बुटकं रोप, पानांवर मधोमध पांढुरका पट्टा. उन्हाळ्यात वरून वाळून जातं आणि पावसात त्याच मुळातून पुन्हा फुटतं. शाळेत खिचडी शिजवणारी बाई गावातल्या बाळंतिणींना तिच्या मुळीचा काढा द्यायची. बी झडल्याशिवाय ती हात लावत नसे. एका रोपाची बाजूची एकच मुळी घ्यायची, माती दाबायची आणि शेजारी एक दगड ठेवायचा. दगड दिसला की काही वर्षं त्या रोपाला कुणी शिवायचं नाही, हा गावचा कायदा.

मुलांना हा कायदा पाठ होता. पण गुरुजींचा शब्द मोठा. त्या दगडांवरूनच त्यांनी एकेक रोप हुडकून काढलं. रोपं तेव्हा फुलावर होती, बी अजून धरायचं होतं.

बाईची नात तेवढी नुसती फांदी घेऊन आली.

"मूळ कुठंय?"

"आजी म्हणते, मूळ नाई उपटत गुरुजी."

"मार्क आजी देणार आहे का? जा, घेऊन ये."

वर्ग हसला. ती डोळे पुसत गेली आणि अर्ध्या तासाने टेकडीवरचं शेवटचं रोप घेऊन आली, बोटभर जाड मुळासकट. मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती शाबासकी आठवली की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

नातीच्या हातातलं रोप बाईने चुलीपाशी बसल्या बसल्या पाहिलं होतं. हातातला झारा टाकून ती तडक टेकडीवर गेली. खिचडी खाली लागली, करपल्याचा वास वर्गात आला, म्हणून मी ओरडतच बाहेर पडलो. तेवढ्यात ती पदराचा ओचा धरून ऑफिसात शिरली आणि तिने माझ्या टेबलावर, वर्तमानपत्रात वाळत घातलेल्या रोपांवर, तो रिकामा केला. सगळे दगड होते.

"गुरुजी, हे वरतं राह्यले होते. हे बी चिपकवा कागदावर. अन् ही पोर मोठी होऊन बाळंत होईन तवा इले काय पाजू, ते खाली लिवून द्या."

नात दारात उभी होती. राग मला तेव्हाही आला होता. पण तो बाईचा, नमुने चुरगळले म्हणून.