ईनबाईंनी पाहिलेली गाठ

माझ्या गळ्यातल्या ग्रंथीचा कॅन्सर नागपूरच्या डॉक्टरांनी काढून टाकला, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, मानेत कुठं गाठ लागली तर थांबू नका. आज सोनोग्राफीत बारीकशी गाठही दिसते. तेव्हा ते यंत्र नव्हतं. भरवसा फक्त बोटांचा. आणि एका सकाळी, अकोल्याच्या आमच्या घरी अंघोळ करताना, कानाखाली तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी माझ्या बोटाला लागलं.

मी कोणालाच सांगितलं नाही. माझ्या लेकीची, सुमनची सोयरीक अंजनगाव सुर्जीला जुळली होती. आईचा आजार उलटला हे कळल्यावर सोयरीक टिकेल का, हीच धास्ती. लग्न उरकू दे, मग बघू, असं ठरवून मी मानेभोवती पदर गुंडाळून वावरू लागले. धम्मदीक्षा घेतल्यापासून बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याचं त्रिसरण रोज म्हणत होते, पण त्या दिवसांत ओठ शरण जात आणि मन गाठीपाशी घुटमळत राही. बुद्धाच्या तसबिरीकडे नीट बघवतसुद्धा नसे.

लग्नाची बोलणी पक्की करायला ईनबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, सुमनच्या होणाऱ्या सासूबाई, आल्या. बोलायला भारी फटकळ बाई. बुद्धवंदनेला आम्ही शेजारी बसलो. वाकून नमस्कार करताना माझा पदर घसरला. मान वर केली तर त्यांची नजर गाठीवरच.

"हे काय होय, ईनबाई? कधीपासून हाय?"

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. कॅन्सर, ऑपरेशन, ही नवी गाठ, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "आता सोयरीकीचं तुमीच काय ते ठरवा."

"त्यात काय ठरवा लागते?" त्या डाफरल्या. "लगन कुठी पळून जाते काय? पोरीले माय पाह्यजे का नाई? उद्या सकाळीच अमरावतीले चला, मी येतो संगं."

अमरावतीच्या डॉक्टरांनी बराच वेळ मान चाचपली. खाली आणखी एक गाठ होती, मला ती लागलीच नव्हती. दोन्ही काढल्या. तपासणीत रोग निघाला. "पण वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले, "फार पसरलेला नाही." घरचं काम टाकून ईनबाई माझ्या खाटेशेजारी सतरंजीवर निजत होत्या.

लग्न थोडं पुढं गेलं, पण झालं. मांडवात त्रिसरण म्हणताना ऑपरेशननंतर घोगरा झालेला माझा आवाज मध्येच अडकला, तर ईनबाईंनी ती ओळ उचलली आणि मी त्यांच्यामागून म्हणत गेले.

याला चमत्कार म्हणत नाही. आमच्या धम्मात तसं शिकवतही नाहीत. पण जिच्यापासून लपत होते, तिच्याच हातून माझा जीव वाचला. आपली भीती दुसऱ्यापुढं उघडी करता आली की शरण जाणं सोपं होतं, एवढं मला उमगलं. आता ईनबाई नाहीत. वंदना संपली की मी त्यांच्या नावानं एक नमस्कार जास्तीचा करते.