होळीच्या आधीचा स्नॅपशॉट

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात: स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट घेतला की यंत्राची त्या क्षणाची स्थिती नोंदली जाते. पुढे काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जाता येतं, पण मधल्या काळात केलेलं सगळं पुसलं जातं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. प्रमाणपत्राच्या परीक्षेत यावर प्रश्न आला, तो मी पूर्ण न वाचताच सोडवला. मग पुढच्या प्रश्नाकडे जाईना मन.

मी आणि भाऊ एका खासगी कंपनीच्या सर्व्हर खोलीत कामाला होतो. भाऊ नात्यातले नव्हेत, सोबत काम करणारे, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. मला या कामाला त्यांनीच लावलं, हाताला धरून शिकवलं. कुठली केबल कुठून कुठे जाते याचा कागद खोलीत नव्हता, तो त्यांच्या डोक्यात होता. मग कंपनीने ठरवलं की थोडं काम खोलीत ठेवायचं आणि बाकीचं दोन निरनिराळ्या क्लाउडवर न्यायचं. हा सगळा पसारा सांभाळायला प्रमाणपत्र हवं. दिवाळीच्या आत जो पास होईल तो नव्या टीममध्ये, बाकीच्यांना ‘योग्य तिथे’ पाठवू, असं पत्र निघालं. योग्य तिथे म्हणजे कुठे, हे विचारायची कोणालाच हौस नव्हती. भाऊंची नोकरी अजून नऊ वर्षं उरली होती, आणि त्यांना हे काम सोडून दुसरं काही आवडत नव्हतं.

कंपनीने मोडीत काढलेला एक सर्व्हर आम्ही मागून घेतला आणि नंदनवन वस्तीतल्या माझ्या घराच्या वरच्या खोलीत बसवला. त्यात डिस्क नव्हती. ती भाऊंनी जुन्या मालाच्या दुकानातून आणली, तीन लावून पाहिल्या आणि चौथी घेतली. मे महिन्यात खोलीतला एकुलता एक कूलर आम्ही सर्व्हरच्या तोंडाशी ठेवायचो, आणि दमट हवा यंत्राला बरी नाही म्हणून त्यात पाणी घालायचो नाही. म्हणजे सर्व्हरला वारा आणि आम्हाला भट्टी. बायको चहा घेऊन वर यायची आणि दारातूनच कप देऊन पळायची.

त्या एका सर्व्हरच्या पोटात आम्ही तीन आभासी यंत्रं, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे कॉम्प्युटर, उभी केली होती. ती मोडायची, जोडायची, परत मोडायची, हाच अभ्यास. होळीच्या आधी सगळं नीट बसवून एक स्नॅपशॉट घेतला होता. फारच गुंता झाला की त्या दिवसाला परत जायचं. नियम एकच, आणि तो भाऊंचा: “मागं नेण्याआधी एक फोन कर गा मले.”

भाऊ आपल्या नोट्स त्या तीनपैकी एका यंत्रातच लिहीत. त्यांच्या घरी फक्त मोबाइल होता, आणि ऑफिसात पेन ड्राइव्ह लावायला बंदी. रोज संध्याकाळी ऑफिसातून ते तडक माझ्याकडे येत आणि तासभर टाइप करत. नोट्स मराठीत होत्या. एका सर्व्हरवर अनेक यंत्रं चालतात, तिथे त्यांनी लिहिलं होतं, ‘घर एक, चुली चार, पण पाण्याची टाकी एकच, ती कोणी संपवायची नाही.’ दोन क्लाउडबद्दल होतं, ‘दोन भाड्याची घरं. दोन्ही मालकांचे नियम वेगळे. सामान मात्र आपलंच.’ इंग्रजी पुस्तकाच्या वीस पानांत मला जे कळलं नव्हतं ते मला तिथे कळलं. त्यांनी दोनदा सांगितलं होतं की याची एक कॉपी काढून ठेव. मी दोन्ही वेळा म्हणालो, रविवारी काढतो.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. शनिवारची सकाळ. नेटवर्कचा एक धडा माझ्याकडून असा फसला की तिन्ही यंत्रं एकमेकांना ओळखेनात. आदल्या दिवशी भाऊंनी एकच शंका मला पाच वेळा विचारली होती, त्याचा राग डोक्यात होताच. फोन केला तर ते येऊन बसतील, सगळं पहिल्यापासून समजून घेतील, दुपार होईल. मी फोन केला नाही. मागे जाण्याआधी आताच्या स्थितीचा एक स्नॅपशॉट घ्यावा, ही साधी शिस्त. डिस्कवर जागा कमी म्हणून तीही पाळली नाही. सध्याचं सगळं जाईल, चालेल का, असं यंत्राने विचारलं. चालेल म्हणालो.

भाऊंच्या यंत्राचा पडदा उघडला तेव्हा तो होळीच्या आधीसारखा स्वच्छ होता. नोट्सची एक ओळही नव्हती. तासभर मी जे जे माहीत होतं ते करून पाहिलं, आणि काहीच होणार नाही हे मला त्या तासभर माहीत होतं.

मग मी फोन लावला. खरं सांगायलाच लावला होता. पण त्यांचा आवाज ऐकला आणि तोंडातून निघालं, “भाऊ, डिस्क गेली.”

ते म्हणाले, “चूक माहीच हाय. नवीनच घ्याले पाहिजे होती.”

इथे तरी थांबायचं! मी थांबलो नाही. चोराच्या मनात चांदणं. भाऊ येऊन डिस्क तपासतील या भीतीने मी ती धडधाकट डिस्क काढून भंगारवाल्याला दिली, नवी आणली आणि दोन दिवसांत लॅब पुन्हा उभी केली. भाऊ आले, नव्या डिस्ककडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “माह्यामुळं तुलेही ताप झाला गा.”

परीक्षेला आम्ही एकाच दिवशी, एकाच केंद्रावर गेलो. मी पास झालो. भाऊ थोडक्यात नापास झाले. दुसऱ्यांदा बसा म्हणून मी खूप मागे लागलो, इतका की मलाच माझी चीड आली. ते नाही म्हणाले. दिवाळीनंतर त्यांना कंपनीच्या इतवारी बाजारातल्या गोदामावर पाठवलं, आत येणाऱ्या हातठेल्यांचे आणि टेम्पोंचे पास लिहायला.

तीन वर्षं मी त्या रस्त्याने जायचं टाळलं. गेल्या महिन्यात गोदामाचं इंटरनेट बंद पडलं आणि मलाच जावं लागलं. भाऊंनी मला पाहून खुर्ची पुसली, चहा मागवला. शेजारी टेम्पोवाला पास घ्यायला उभा होता. त्याला म्हणाले, “हा आमच्यातला हुशार माणूस. म्या भंगारातली डिस्क आणून याचंही नुकसान केलं होतं, तरी एका शब्दानं बोलला नाही.”

टेम्पोवाला गेला आणि मी सगळं सांगितलं. फोन केला नाही तिथपासून भंगारवाल्यापर्यंत. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे नव्हे, पासांच्या पुस्तकाकडे पाहत होतो.

मला वाटलं भाऊ शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

“नोट्सचं काही नाही गा,” ते म्हणाले. “त्या डोक्यात होत्या. दोघं बसलो असतो तर आठ दिवसांत लिहून काढल्या असत्या. पण परीक्षेत मी उत्तरं बदलवत बसलो. बरोबर लिहेलं खोडायचो. वाटे, ज्याले साधी डिस्क पारखता येत नाही, त्याले हे काय समजून राहिलं?”

मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं, खिशातून मोबाइल काढला आणि घरी फोन लावला.

“अवं, ऐकून राहिली काय?” ते वहिनींना म्हणाले. “ते डिस्क चांगली होती. हो, तेच. माही चूक नव्हती वं.”

पलीकडून वहिनींनी काहीतरी विचारलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “जाऊ दे न, आता कोणाची का असंना.”