अकरा शून्यं आणि एक फोन

"ही अकरा नावं काढून टाक," सर म्हणाले. "त्यांच्या जागी दुसऱ्या आशाताई घेऊ."

कॉलेज सांभाळून मी धरमपेठेतल्या एका छोट्या ऑफिसात काम करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सरांपुढे मी जरा दबूनच बोलते. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंसाठी आम्ही मोबाइलवर कोर्स चालवतो. कोणी किती व्हिडिओ पाहिले, ते आमच्या डॅशबोर्डवर, म्हणजे स्क्रीनवरच्या तक्त्यात, दिसतं. सावनेरकडच्या गटात बारा जणी. महानंदाताईंचे सगळे व्हिडिओ पूर्ण. बाकी अकरा जणींपुढे शून्य.

"सर, एकदा जाऊन बघू का?"

"परवापर्यंत सांग."

दुसऱ्या दिवशी तिथल्या अंगणवाडीत लसीकरण होतं. मी पोचले तेव्हा ते आटोपलं होतं. बाराही जणी सतरंजीवर बसल्या होत्या. समोर स्टीलच्या डब्याला टेकवलेला महानंदाताईंचा फोन, आणि त्यावर आमचाच व्हिडिओ.

"बाकीच्यांचे फोन कुठे आहेत?"

"हायेत ना वं," महानंदाताई म्हणाल्या. "पण तुमचं अ‍ॅप टाकलं का हँग होतेत. म्हणून लसीकरण झालं का सगळ्या याच्यावरच पाहतो."

मी घाईघाईने सरांना व्हिडिओ कॉल लावला. धडा होता बाळाचे श्वास मोजण्याचा. ते फार भराभर चालले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. लस घेऊन थांबलेलं एक बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं. सरांना दाखवावं म्हणून मीच अर्धा मिनिट मोजलं आणि दुप्पट करून आकडा सांगितला.

"थांब वं पोरी," मागून शेवंताताई म्हणाल्या. त्यांच्या नावापुढेही शून्यच होतं. "लेकराचा श्वास कधी हळू, कधी जोरात. पुरा मिनिट मोजा लागते. अन् झबलं वर कर आधी. वरून काय दिसते तुले?"

"कोर्स हिचाच, अन् नापासबी हेच," कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही.

सरांनी मग अकरा जणींना एकेक करून विचारलं. अकराही जणींना आलं.

"नावं राहू दे," सर म्हणाले. "एका फोनवर बारा हजेऱ्या लागतील असं काहीतरी कर. परीक्षा तोंडी घेऊ."

परतीच्या एसटीत मी त्याचा फॉर्म वहीच्या मागच्या पानावर आखला. सगळ्या रेघा वाकड्या आल्या. रस्ता खराब होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

आता डॅशबोर्डवर शून्य दिसलं की मी आधी एसटीची वेळ बघते. आणि बाळाचा श्वास मोजायचाच झाला, तर पूर्ण मिनिटभर मोजते.