परिषदेतून पळालेला कुत्रा

आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी प्राण्यांच्या वर्तनावर परिषद भरवली ती तोंडवलीच्या किनाऱ्यावर, एका रिसॉर्टमध्ये. प्राण्यांचा त्या निवडीशी काही संबंध नव्हता. मागे समुद्र असला की फोटो चांगले येतात. आधी ज्या बैठका झाल्या, त्यातल्या निम्म्या ब्लेझरच्या रंगावर खर्ची पडल्या.

'कुत्र्यांमधली भीती कशी ओळखावी' या सत्राला खराखुरा कुत्रा हवा होता. मी इथलीच. माझी मावशी, निवृत्त शिक्षिका, रिसॉर्टच्या जवळच राहते. तिचा तांबूस गावठी कुत्रा स्वभावाने गरीब. मी मागितला, तिने दिला आणि स्वतःही पाहायला आली.

उद्घाटनाला ढोल नकोत, असं मी बजावलं होतं. ढोल आणले नाहीत खरे. परिषदेच्या अध्यक्षाने, म्हणजे आमच्याच वर्गातल्या एका मुलाने, रंगीत कागद उडवणाऱ्या नळ्या आणल्या. कुत्रा मंचाशेजारी शेपूट पायात घालून, पुन्हा पुन्हा ओठ चाटत बसला होता. समोर एवढे भावी पशुवैद्य, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. समई लागली, नळ्यांचे धडाधड बार उडाले. कुत्र्याने गळपट्ट्यातून मान सोडवली आणि खुर्च्यांखालून पसार झाला.

मला वाटलं, कार्यक्रम थांबेल. अध्यक्षाने माइक घेतला. "काही हरकत नाही, आपण स्लाइडवर बघू."

पडद्यावर घाबरलेल्या कुत्र्याचं चित्र आलं. सगळे माना डोलावून लिहून घेऊ लागले.

मी आणि मावशी सुरूच्या बनात हाका मारत फिरलो. "रस्त्यार गेलो नसात मां गो?" रस्त्यावरच्या गाड्यांच्या धास्तीने ती सारखं विचारत होती. शेवटी तो सापडला वाळूवर उपड्या घातलेल्या एका होडीखाली, थरथरत. मावशीच्या हाकेलाही बाहेर येईना. आम्ही त्याच्याकडे न बघता जरा लांब बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो सरपटत आला आणि त्याने मावशीच्या मांडीवर तोंड टेकलं.

तेवढ्यात अध्यक्ष फोटोग्राफरला घेऊन हजर. "मावशी, जरा उचलून धरा ना त्याला. 'सुखरूप सुटका' अशी पोस्ट टाकतो."

कुत्रा पुन्हा होडीखाली.

जन्मभर वर्गात शुद्ध मराठी बोललेली मावशी उठून उभी राहिली. "तो भियान मरता आणि तुमका फोटो होयो? आधी हयसून चलाक लागा!"

अध्यक्ष हसत माझ्याकडे वळला. "काय म्हणाल्या?"

"चालता हो म्हणाली," मी सांगितलं. "आणि मीही तेच म्हणतेय."

ते गेले. उन्हं कलल्यावर कुत्रा आपणहून बाहेर आला आणि आमच्या पुढे पुढे घराकडे चालू लागला. समारोपात स्वयंसेवकांना स्मृतिचिन्हं होती. मी गेले नाही. परिषद अर्थातच अत्यंत यशस्वी झाली, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

पुढच्या वर्षीचा विषय बिबट्या आहे. तुझ्या ओळखीचा एखादा आहे का, असं मला विचारून झालंय.