आंबिलीशेजारचं मडकं

रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात. आमच्या ह्यांनी वायनऱ्या केल्या. आधी सोलापूरकडची एक, मग नाशिककडच्या दोन. तिथल्या मुली ग्लास गोल फिरवून वास घ्यायला सांगायच्या. हे डोळे मिटून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "बोरं." कुठलीही वाईन असो, ह्यांना बोरंच. स्टीलच्या उंच टाक्या आणि गारेगार तळघरातली लाकडी पिंपं पाहून लातूरला परत येताना अलीकडच्या मुरुडला चहाला थांबलो, तेव्हा हे म्हणाले, "आपली आंबील मडक्यात आंबते ना? मग द्राक्षांनी काय घोडं मारलंय?"

झालं. निलंग्याच्या एका ओळखीच्या बागेतून काळी द्राक्षं आली. कुंभाराकडून सारखी दोन मडकी आली. एक ह्यांच्या वाईनचं आणि दुसरं आंबिलीचं, कारण येळवस जवळ आली होती. येळवस हा आमच्या लातूरकडचा थंडीतला सण. त्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं. ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील नव्या मडक्यात भरायची, घरातल्या पुरुषानं ते मडकं डोक्यावर घ्यायचं, वरून घोंगडी पांघरायची आणि शेतात न्यायचं. तिथं कडब्याच्या खोपीत मांडलेल्या दगडांच्या पांडवांची पूजा झाली की ते उघडतात, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाजतात.

ह्यांचं मडकं बाल्कनीत बुडबुडायला लागलं. सकाळ-संध्याकाळ हे त्याला कान लावून बसायचे. मी हसायचे, पण खरं सांगायचं तर मलाही गंमत वाटत होती. मग हदगावहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, येळवशीला येऊन राहिलो."

आणि माझं धाबं दणाणलं. माझा भाऊ दारूत पार बुडाला होता. बायको माहेरी निघून गेली, नोकरी जाता जाता राहिली. मग त्यानं दारू एकदाची सोडली. कशी सोडली ते त्याचं त्यालाच माहीत. बायको परत आली, पोरगी पुन्हा त्याच्या मांडीवर बसून जेवायला लागली. एक घोट गेला तर हे सगळं मोडेल, या धास्तीनं तो आला की मी खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा कपाटात ठेवून कुलूप लावते. आता तर घरात अख्खं मडकं.

"ओतून टाका," मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी असं तोंड केलं की मीच माघार घेतली. शेवटी मी ते मडकं आंबिलीच्या शेजारी नेऊन ठेवलं आणि दोन्हींच्या तोंडाला सारखंच पांढरं फडकं आवळून बांधलं. भावाला वाटेल, यंदा आंबील जास्त केली.

येळवशीच्या सकाळी घरात नुसती घाई. मी भज्जीचे, म्हणजे हिरव्या शेंगा-दाण्यांच्या मिसळ भाजीचे डबे भरत होते, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे फडक्यात बांधत होते. ह्यांना सर्दीनं कशाचाच वास येत नव्हता. त्यांनी मडकं उचललं आणि गाडीच्या डिकीत ठेवलं.

आमच्या शेताच्या वाटेवर गाडी जात नाही. ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून भाऊ आला की मडकं त्याच्याच डोक्यावर. तो घोंगडी पांघरून मागून येत होता. एरवी सारखी बडबड करणारा माणूस त्या दिवशी गप्प होता. मला वाटलं, पहाटेच्या एसटीनं दमला असेल.

खोपीसमोर त्यानं मडकं अलगद उतरवलं. पूजा झाली. ह्यांनी फडकं सोडलं आणि तसेच बसून राहिले. आत जांभळा रस होता. वास माझ्यापर्यंत आला. मी आधी भावाकडे पाहिलं.

तो घोंगडीची घडी घालत होता. त्याच्या कानामागून मानेपर्यंत एक जांभळा ओघळ वाळलेला होता. मडकं वाटेत हिंदकळलं असणार, फडक्यातून रस झिरपला असणार.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"गाडीतून काढलं तवाच. वासाला मी चुकंन व्हय?"

"मग ठेवलं का नाहीस खाली?"

"दाजींनी एवढं जीव लावून केलंय. सांडू कसं?"

हे खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं. आत्ता बांधावर ओतून येतो."

"न्हाई दाजी, ओतायचं न्हाई." तो माझ्याकडे वळला. "आक्का, मले दिसते सगळं. ते औषधाचं कपाट बी. मी हात लावत न्हाई, हे तुले पटतच न्हाई. माझी पोरगी इश्वास ठेवते. तू न्हाई."

तो रागानं बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. शेजारच्या शेतातल्या वहिनींना आमची फजिती कळली. त्यांनी तांब्याभर आंबील पाठवली. आधी ती रिवाजाप्रमाणे पिकावर शिंपडली, मग सगळ्यांनी पोटभर खाल्लं. भावानं भज्जी दोनदा मागून घेतली आणि ह्यांना वायनरीच्या गोष्टी विचारल्या. ह्यांनी त्याला बोरांचं सगळं सांगितलं.

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. हे मडक्याजवळ नुसतेच घुटमळत होते. भावानं फडकं पुन्हा आवळून बांधलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मडक्यापुढं गुडघे टेकून बसला.

"आक्का," तो म्हणाला, "हात लाव."

मी वाकले आणि दोन्ही हातांनी ते मडकं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं.