सड्यावरचा वणवा

पलटणीतून पेन्शन घेऊन घरी आलो, पण स्वस्थ बसवेना. रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर फौजेचा तळ होता. तिथे आगीच्या बंबावर जमादार हवा होता. हाताखाली सहा माणसं, हाताने मारायचा एक बंब, एक हौद. मी लागलो.

सडा म्हणजे उघडं पठार, सगळा कातळ; पण पावसाळ्यात त्याच्यावर गुडघाभर गवत माजतं आणि पौषानंतर कडकडीत वाळतं. कुंपणाला लागूनच खेचरांच्या चाऱ्याच्या गंजी, मागे रॉकेलच्या डब्यांची खोप. पहिल्याच वर्षी मी हेड कारकुनांकडे अर्ज दिला, की कुंपणाबाहेर वीस हातांचा पट्टा आधीच जाळून मोकळा करू द्या.

"बाहेरची जमीन आपली नाही, जमादार," ते म्हणाले.

"आग कुंपण बघून थांबणार आहे काय?"

"तसं लिहून द्या."

लिहून दिलं. तीनदा. कागद वर गेला तो वरच राहिला. बंबाची नळी फाटली होती, तिच्या अर्जाचंही तेच. उलट हौदातलं पाणी तळावरच्या मोठ्या साहेबाच्या बागेला जाऊ लागलं. मी अडवलं, तर साहेबाने चारचौघांत मला झापलं. माझीच माणसं झारी घेऊन गुलाब शिंपायची आणि मी दात-ओठ खात बघत राहायचो.

तिसऱ्या वर्षी होळीच्या तोंडावर, भर दुपारी वणवा आला. वारा समुद्राकडचा, जोराचा. आम्ही बंब ओढत नेला, दांडा मारायला लागलो. पाणी नळीच्या भोकांतूनच उडालं, गंजीपर्यंत पोचलंच नाही. थोड्याच वेळात हौदाचा तळ लागला. पहिली गंजी पेटली.

तेवढ्यात खालच्या वाडीतली माणसं, बायाबापे, धावत वर आली. मी फाटक उघडून त्यांना आत घेतलं. पुढे एक म्हातारा कुणबी.

"जमादारानु, तो बंब ठेवा बाजूला! टाळे घ्या हातात!"

हिरव्या फांद्यांचे टाळे तोडून आम्ही सगळे खांद्याला खांदा लावून आग झोडपत सुटलो. दोन गंजी गेल्या, रॉकेलची खोप वाचली. म्हाताऱ्याचे दोन्ही तळपाय भाजले.

आठवड्याने चौकशी झाली. साहेबाने एकच विचारलं, गावच्या लोकांना विनापरवाना आत कोणी घेतलं?

"मी घेतलं," म्हटलं. "माझे अर्ज फायलीत बघा."

हेड कारकून मान खाली घालून म्हणाले, "अर्ज सापडत नाहीत."

मला लेखी ठपका मिळाला.

त्या संध्याकाळी मी वाडीत गेलो. म्हातारा ओटीवर पाय पसरून बसला होता. पायांना खोबरेल चोपडलं होतं.

"सायेब काय बोलला?" त्याने विचारलं.

मला खरं सांगवेना. "तुमचे आभार मानलेत," म्हणालो.

म्हातारा इतका खूश झाला, की त्याने सुनेला हाक मारून तिलाही ते सांगितलं. मग शेजाऱ्याला. मी मान खाली घालून ऐकत बसलो. साहेबाचा इतका राग मला चौकशीतही आला नव्हता.