तपकिरीची डबी

वहिनी पांढरीफटक पडत चालली होती. चार पायऱ्या चढली की धाप लागायची, आणि त्यात तिसरा महिना. दादा मुंबईला गिरणीत. घरात पुरुष म्हणून मी एकटा, शाळेतला मास्तर. मास्तर कसला! डोक्यावर काळी टोपी, पायांत वहाणा आणि अंगात नुसती ऐट.

रत्नागिरीच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली. म्हणाले, "पोटात जंत असावेत. पण दुर्बिणीखाली दिसल्याशिवाय मी जंताचं औषध देत नाही. उद्या हिचं शौच झाकणाच्या डबीत घालून आणा." वहिनीने पदर तोंडावर ओढला.

घरात झाकणाची एकच डबी निघाली, वारलेल्या बाबांची तपकिरीची. दुसऱ्या दिवशी वहिनीने मान फिरवून ती भरलेली डबी माझ्या हातात दिली. इस्पितळ कोसभर लांब. वाटेत एका विद्यार्थ्याचे आजोबा भेटले. माझ्या हातात डबी पाहून त्यांनी दोन बोटं पुढे केली.

"काढा हो मास्तर, चिमूटभर!"

"संपली," मी म्हटलं.

"अहो, मग मुठीत एवढी घट्ट कशाला धरलीय?" म्हातारा हसत सुटला. आणखी कोणी चिमूट मागितली तर? मी पाय उचलला. वळणापलीकडे जाऊन मी डबी पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात रिकामी केली, धुतली. मग भीती वाटली, वहिनीला सांगू काय? शेवटी इस्पितळामागच्या संडासात जाऊन ती मी स्वतःच्याच शौचाने भरली. म्हटलं, एकाच घरातली माणसं, तिला जंत असतील तर मलाही असणारच.

डॉक्टर म्हणाले, "जंत नाहीत." लोहाचं औषध देऊन त्यांनी विषय संपवला.

पाचव्या महिन्यात वहिनीचं मूल गेलं.

मग तिच्या आईने तिला माहेरी, लांज्याकडे नेलं. तिथल्या दवाखान्यात दुर्बीण नव्हती. डॉक्टरने एवढंच विचारलं, "शेतात अनवाणी चालतेस? पावलांना खाज सुटते? माती खावीशी वाटते?" जंत पायातून शिरतात, म्हणाला, आणि तिथल्या तिथे औषध दिलं. वहिनी सुधारली. मी घरी माझ्या वहाणांकडे बघत बसलो.

परत आल्यावर ती येईल त्याला सांगायची, "मेल्यांच्या दुर्बिणीला डोळेच नाहीत!" आणि मी, निर्लज्ज, मान डोलवायचो.

एकदा तिने माझा पडलेला चेहरा पाहिला. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? दुसरा कोणी दीर असता तर त्या डबीला हात तरी लावला असता का?"